फाईल एक, सर्व्हर दुसरेच सांगतो

मागेल त्याला वेबपान पुरवणाऱ्या प्रोग्रॅमला वेब-सर्व्हर म्हणतात. पाने कोठे ठेवली आहेत, कोणाला काय दाखवायचे नाही, या सूचना त्याच्यासाठी एका साध्या फाईलमध्ये लिहिलेल्या असतात. ही फाईल सुरू होताना एकदाच वाचावी, की दर मागणीला? प्रश्न किरकोळ वाटेल. पण दोन नामांकित सर्व्हरांची पारख आम्ही याच प्रश्नावर करणार आहोत.

अपाची (१९९५) दोन्ही करतो. मुख्य फाईल तो सुरुवातीला वाचून स्मृतीत ठेवतो. शिवाय परवानगी दिली असेल, तर प्रत्येक फोल्डरमध्ये ‘डॉट-एचटीॲक्सेस’ नावाची फाईल ठेवता येते आणि ती दर मागणीला वाचली जाते. पान चार फोल्डर खोल असेल, तर सर्व्हर चारही पायऱ्यांवर ती शोधतो. मग ती तेथे असो वा नसो. हजार मागण्यांना चार हजार शोध! दर तासाआधी वेळापत्रक पाहायला गुरुजींनी कार्यालय गाठावे, तसा हा प्रकार. अपाचीची माहितीपुस्तिकाच ही सोय टाळायला सांगते. अर्थात, भाड्याच्या सामायिक सर्व्हरवर मुख्य फाईलला हात लावता येत नाही. तेथे शाळेसारख्या छोट्या संस्थेला दुसरा मार्ग तरी कोणता?

एकदाच वाचण्याचे समर्थन बहुधा वेगाच्या आधारे होते. आम्हाला ते अपुरे वाटते. खरा लाभ असा, की अक्षराची चूक पाहुणे येण्याआधीच, सर्व्हर सुरू होताना पकडली जाते. डॉट-एचटीॲक्सेसमध्ये एक शब्द चुकला, की त्या फोल्डरमधले पान मागणाऱ्या प्रत्येकाला तत्काळ ‘५००’ क्रमांकाची त्रुटी दिसते.

पण याची किंमतही आहे, आणि तिची चर्चा कमी होते. समजा, एखाद्या पत्त्यावरून येणाऱ्याला मज्जाव करणारी ओळ आपण मुख्य फाईलमध्ये लिहिली, फाईल जतन केली आणि घरी गेलो. सर्व्हर स्मृतीतल्या जुन्या प्रतीवरच चालतो आहे. दार रात्रभर उघडे. आणि फाईल उघडून पाहणाऱ्याची मात्र खात्री पटते, की ते बंद आहे!

इगोर सिसोयेव यांच्या एन्जिनएक्समध्ये (२००४) फोल्डरवार फाईल नाहीच. बदल केला, की ‘पुन्हा वाच’ असा संकेत द्यायचा. मुख्य प्रक्रिया नवी फाईल तपासते; चूक असेल तर जुन्याच सूचनांवर काम चालू ठेवते. फाईल बरोबर असेल तर नव्या कामकरी प्रक्रिया सुरू होतात आणि जुन्या हातातले काम संपवून थांबतात. मांडणी देखणी आहे. अपाचीतही अशी सौम्य फेरसुरुवात आहे. पण एन्जिनएक्सने दुसरी वाटच ठेवली नाही, हे आम्हाला अधिक पटते.

तरी उणीव उरतेच. संकेत द्यायचे विसरलो, तर दोघांपैकी एकही सर्व्हर आपणहून सांगत नाही, की फाईल बदलली आहे. एन्जिनएक्सपुरता एक सोपा पडताळा करता येतो : फाईल शेवटची कधी बदलली आणि कामकरी प्रक्रिया कधी सुरू झाल्या, या वेळा विद्यार्थ्यांना ताडून पाहू द्या. फाईलची वेळ नंतरची निघाली, तर पडद्यावर दिसणारा नियम अजून लागू झालेला नाही.