'वावटळ' आणि एक घंगाळ

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या राजारामपुरीतल्या घरी माळ्यावरून तांब्याचे एक मोठे घंगाळ खाली येते. लहानपणी उटणे लावून घेताना त्याच्या काठावर बोट फिरवण्याचा मला नाद होता. तेथे अक्षरे होती आणि ती कुणीतरी ठोकून बुजवली होती. शेवटचे 'कर' तेवढे लागत असे. आमच्या आडनावात 'कर' नाही. आजीला विचारले की ती म्हणे, "आणल्यालं हाय ते. गप अंघूळ कर." वडिलांकडून पुढे एवढेच कळले, की ते गावाकडचे आहे आणि अठ्ठेचाळीस सालाआधी ते आमचे नव्हते.

व्यंकटेश माडगूळकरांची 'वावटळ' यंदा मी तिसऱ्यांदा वाचली ती या घंगाळापायी. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींचा खून झाला. मारेकरी पुण्याचा ब्राह्मण निघाला आणि पुण्यापासून सातारा, सांगली, कोल्हापूरपर्यंत ब्राह्मणांची घरे पेटली. आमच्या कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जमावाने जाळला. त्या दिवसांत पुण्याहून गावाकडे निघालेल्या तीन तरुणांची ही गोष्ट. लहानशीच कादंबरी, पण ती खाली ठेवल्यावर घरातल्या माणसांशी लगेच बोलवत नाही.

तिचे मोठेपण संयमात आहे, असे सर्वच सांगतात, आणि ते खरे आहे. ज्याच्या अनुभवातून ही कादंबरी आली, त्याने शिव्याशाप द्यायचे ठरवले असते, तर त्याला कोण अडवणार होते? परंतु मला अधिक नवल वाटते ते सालांचे. 'माणदेशी माणसं' पुस्तकरूपाने आली १९४९ मध्ये, म्हणजे जाळपोळीनंतर वर्षभरात. त्याच मातीतल्या माणसांवर इतकी माया करणारे पुस्तक! मग १९५५ साली 'बनगरवाडी'. आणि 'वावटळ' थेट १९६४ मध्ये. आधी माया, नंतर जबानी. क्षमेचा क्रम आपण नेहमी उलटा समजतो, नाही का?

माझी तक्रार आहे ती नावाविषयी. वावटळ कुणी पाठवत नाही. ती माळावरून उठते, पाचोळा, पत्रे उडवते आणि निघून जाते. तिच्यावर फिर्याद कोण करणार? हा शब्द दोन्ही बाजूंना सोयीचा झाला. ज्याचे घर गेले त्याला शेजाऱ्याला रामराम घालणे सोपे गेले आणि ज्याने नेले त्याला झोप लागली. पण वाऱ्याला क्षमा करता येत नाही. क्षमा माणसाला करायची असते आणि त्यासाठी त्या माणसाने समोर यावे लागते. दक्षिण आफ्रिकेत १९९६ साली डेस्मंड टूटू यांच्या अध्यक्षतेखाली सत्य आणि सलोखा आयोगाच्या सुनावण्या सुरू झाल्या. तेथे राजकीय गुन्ह्याला माफी मिळे, पण केलेले कृत्य पुरतेपणी सांगितल्यावर. पश्चात्ताप दाखवलाच पाहिजे, अशी अटसुद्धा नव्हती. सांगणे मात्र चुकत नव्हते.

येथे वाचक मला अडवतील. आधीच्या हिशेबाचे काय? ज्या कोल्हापुरात खुद्द छत्रपतींना वेदोक्त नाकारले गेले, तेथे कुळांच्या आणि बलुतेदारांच्या वाट्याला काय आले असेल! तो हिशेब खरा आहे आणि कितीतरी लांबही आहे. पण शाहू महाराजांनी त्याला उत्तर दिले ते १९०२ साली, मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून, सही-शिक्क्याच्या कागदावर. काडी ओढून नव्हे. जळलेल्या माजघरातून भांडी उचलणाऱ्याने महाराजांचे नाव घ्यावे, हे मला पटत नाही. त्या भांडे उचलणाऱ्यांत माझ्या घरचे कुणी असावे, म्हणून तर अधिकच नाही.

तेव्हा तक्रार करता करता मी थांबतो. जळित घरातल्या लेखकाकडून जाळणाऱ्याचीही जबानी मागणे हा अन्याय आहे. माडगूळकरांनी आपल्या वाटणीचे लिहिले. उरलेले पुस्तक आमच्यासारख्या घरांनी लिहायचे होते. आमच्याकडे तो विषय निघाला की बायका स्वयंपाकघरात जात आणि पुरुष पानाचा डबा ओढत.

गेल्या महिन्यात घंगाळ तांबटाकडे नेले. त्याने ते उजेडात तिरके धरले आणि म्हणाला, "चिंच लावून घासा. वरनं ठोकलंय नुसतं, नाव गेल्यालं न्हाई." घासले. नाव लागले. ते घराणे आता पुण्यात आहे, असे गावात एका म्हाताऱ्याने सांगितले. पत्ताही त्यानेच मिळवून दिला. माझे वडील म्हणतात, "आता कशाला? त्यांना तरी बरं वाटेल का?" या प्रश्नाला मजपाशी उत्तर नाही. पत्र लिहायला बसलो आहे. मायना झाला, क्षेमकुशल झाले. पुढच्या वाक्यात 'त्या धामधुमीत आमच्याकडे आले' असे लिहून गेलो होतो, ते खोडून 'आमच्या माणसांनी नेले' असे केले आहे.