घोट्याची अस्थिरता, तोल आणि पायांची स्फोटक शक्ती : मापनपद्धतीची चिकित्सा

प्रस्तावना

घोटा मुरगळणे ही क्रीडांगणावरील अत्यंत परिचित दुखापत होय. सूज उतरून खेळाडू धावू लागला की दुखापत बरी झाली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. परंतु काही खेळाडूंचा तोच घोटा पुनःपुन्हा मुरगळतो आणि पाय केव्हाही दगा देईल, ही शंका कायम राहते. या अवस्थेस घोट्याची दीर्घकालीन अस्थिरता म्हणतात. तिचा तोलावर आणि पायांच्या स्फोटक शक्तीवर कोणता परिणाम होतो, या प्रश्नाचे उत्तर संशोधकाने निवडलेल्या चाचणीवर किती अवलंबून असते, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संकल्पनेची पार्श्वभूमी

ब्रिटनमधील फ्रीमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये असे प्रतिपादन केले की, दुखापतीत अस्थिबंधांबरोबरच सांध्याची स्थिती व हालचाल मेंदूस कळविणारे चेतातंतूही बाधित होतात. पुढे २००२ मध्ये अमेरिकन संशोधक हर्टेल यांनी सांध्याचे यांत्रिक सैलपण आणि नियंत्रणातील कार्यात्मक उणीव या दोन्ही बाजू एकत्र मांडल्या. म्हणजेच अस्थिरता ही केवळ स्नायूंची दुर्बलता नव्हे. पायांची शक्ती मोजताना मात्र हे सूत्र सहज विसरले जाते.

तोलाचे मापन

तोलाच्या बाबतीत पुरावा तुलनेने भक्कम आहे. एका पायावर उभे राहून दुसरा पाय विविध दिशांनी शक्य तितका लांब नेण्याच्या ‘स्टार एक्सकर्शन’ चाचणीत अस्थिर घोट्याचे खेळाडू अनेक अभ्यासांत कमी पडलेले दिसतात. तथापि दोन सावधगिऱ्या आवश्यक आहेत. पहिली, पोहोच पायाच्या लांबीच्या प्रमाणात मांडली पाहिजे. ९० सेंमी लांब पायाने गाठलेले ७२ सेंमी अंतर ८० टक्के ठरते, तर ८० सेंमी लांब पायाने गाठलेले ६८ सेंमी अंतर ८५ टक्के. केवळ सेंटिमीटर पाहिल्यास निष्कर्ष नेमका उलटतो. दुसरी, पुढील दिशेची पोहोच घोटा किती वाकतो यावरही अवलंबून असते. त्यामुळे तेथील प्रत्येक उणीव तोलाचीच आहे, असे म्हणता येत नाही.

स्फोटक शक्तीचे मापन

खरी अडचण येथे आहे. उभी उडी व जागेवरून लांब उडी या चाचण्या सोप्या व कमी खर्चाच्या असल्याने सोयीच्या ठरतात. परंतु दोन्ही पायांवर घेतलेल्या उडीत निरोगी पाय अधिक भार उचलू शकतो; शिवाय गुडघा व नितंब यांचे स्नायू घोट्याची उणीव झाकू शकतात. डोचर्टी व सहकाऱ्यांच्या २००५ मधील अभ्यासात अस्थिरतेचा संबंध एका पायावरील आडव्या उड्या आणि इंग्रजी आठच्या आकाराच्या मार्गावरील उड्यांशी आढळला. सरळ पुढे घेतलेल्या एकेरी उडीशी आढळला नाही. घोटा बहुधा आतल्या बाजूस मुरगळतो, हे लक्षात घेता आडव्या हालचालींत उणीव उघड होणे स्वाभाविक आहे. म्हणून ‘उभ्या उडीत फरक आढळला नाही’ यावरून ‘अस्थिरतेचा शक्तीवर परिणाम होत नाही’ असा निष्कर्ष काढणे अयोग्य ठरते. लहान नमुन्यावरील अभ्यासात तर फरक न आढळणे आणि फरक नसणे यांतील अंतर अधिकच महत्त्वाचे असते.

नमुना व तुलना

‘कधीतरी घोटा मुरगळला आहे’ एवढ्यावर खेळाडूची अस्थिर गटात निवड करणे पुरेसे नाही. आंतरराष्ट्रीय घोटा संशोधक मंडळाच्या २०१३ मधील निकषांनुसार पहिली मोठी दुखापत किमान १२ महिन्यांपूर्वीची असावी आणि अस्थिरतेची नोंद प्रमाणित प्रश्नावलीने व्हावी. कंबरलँड प्रश्नावलीत ३० पैकी २४ किंवा त्याहून कमी गुण ही त्यांनी सुचविलेली मर्यादा आहे. तसेच दुखापतग्रस्त पायाची तुलना केवळ त्याच खेळाडूच्या दुसऱ्या पायाशी करणे धोक्याचे आहे; नियंत्रणातील दोष मध्यवर्ती चेतासंस्थेपर्यंत पोहोचला असल्यास दुसरा पायही निर्दोष राहत नाही. शिवाय एकाच वेळी घेतलेल्या मोजमापावरून तोल बिघडल्याने घोटा मुरगळला की घोटा मुरगळल्याने तोल बिघडला, हे ठरत नाही. त्यासाठी हंगामापूर्वी मोजमाप करून खेळाडूंचा पुढे मागोवा घ्यावा लागतो.

समारोप

हा वाद केवळ प्रबंधातील कोष्टकांपुरता नाही. खो-खोत खांबाभोवती वळणाऱ्या किंवा कबड्डीत चढाईवरून तिरके परतणाऱ्या खेळाडूचा सारा भार क्षणभर एकाच घोट्यावर येतो. अशा खेळाडूस जागेवरील लांब उडीच्या आधारे तंदुरुस्त ठरविणे म्हणजे त्याच्या दुखण्याची परीक्षाच न घेणे होय. दुखापतीचा इतिहास, प्रमाणित प्रश्नावली, पायाच्या लांबीनुसार तोलाची नोंद, एका पायावरील आडवी उडी आणि दुखापत नसलेला तुलनागट या पाच बाबींसाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही. महाविद्यालयीन संशोधनाने त्या स्वीकारल्यास त्याचे निष्कर्ष क्रीडांगणावर खेळाडूच्या उपयोगी पडतील.