‘सावकारी पाश’चा हरवलेला पाठ

वास्तवदर्शी मराठी चित्रपटांत ‘सावकारी पाश’ (१९२५) या मूकपटास अग्रपूजेचा मान देण्याची वहिवाट आहे. बाबुराव पेंटर यांनीं तो कोल्हापुरास महाराष्ट्र फिल्म कंपनींत घडविला. त्यांत शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांची. परंतु त्याची एकहि प्रत ज्ञात नाहीं. मूळ ग्रंथ न पाहतां भाष्य रचण्याचाच हा प्रकार होय! पेंटरांनीं १९३६ सालीं तोच विषय बोलपटांत पुनः मांडला खरा. पण उत्तरपाठावरून पूर्वपाठ सिद्ध होत नाहीं.

‘राजा हरिश्चंद्र’ची (१९१३) स्थिति अधिक चमत्कारिक. चार रिळांपैकीं पहिलें व शेवटचें तेवढें पुण्यास आहे, आणि तींहि १९१७ च्या आवृत्तींतील असावीं, असें कांहीं अभ्यासकांचें मत आहे.

जुनी फीत ज्वालाग्राही. शिवाय तींतील चांदीच्या लोभानें कित्येक फिती नष्ट झाल्या. १९६४ सालीं पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालें, तोंवर मूकपटांचा काळ सरून तीस वर्षें लोटलीं होतीं.

तेव्हां आतां भिस्त कागदावर. आमच्या पुरुषोत्तमनगराकडे बखरींच्या शोधांत येणारे संग्राहक चित्रपटांचीं हस्तपत्रकें व कथासाराच्या पुस्तिका रद्दी समजून बाजूस सारतात. त्यांवर चित्रगृहाचें नांव व तारीख आढळल्यास तेवढी तरी प्रथम उतरून घ्यावी.