तबकडीवर नसलेली नावे

लग्नात सनई कोण वाजवतो आहे, हे विचारण्याची आपल्याकडे रीत नाही. मंगलाष्टके संपली आणि वाजंत्री वाजली नाही, तर मात्र सारा मांडव दचकून त्याच्याकडे पाहतो. वाजले तर गृहीत, न वाजले तर गुन्हा! ध्वनिमुद्रिकांच्या जगातही असाच एक वर्ग आहे. इंग्रजीत त्यांना ‘सेशन म्युझिशियन’ म्हणतात. तासांच्या बोलीवर स्टुडिओत यायचे, समोरचा कागद वाचायचा किंवा तोंडी सांगितलेली चाल उचलायची, वाजवायचे, मेहनताना घ्यायचा आणि दुसऱ्या गाण्याच्या वाटेला लागायचे. तबकडी लाखांनी खपली तरी तिच्या वेष्टनावर यांचे नाव बहुधा नसायचे.

आज त्याच नावांवरून भांडणे चालली आहेत. १९६० नंतरच्या दशकातली इंग्लंड-अमेरिकेतली जी गाणी आता अभिजात मानली जातात, त्यांत अमुक वाद्य कोणी वाजवले याबद्दल वाद आहेत, प्रतिवाद आहेत, पुस्तके आहेत. रसिकाला हे उष्टे-खरकटे चिवडणे वाटेल. गाणे गोड लागले, मग स्वयंपाकी कोण होता याची चौकशी कशाला? हा प्रश्न मला टाकाऊ वाटत नाही. म्हणूनच त्याचे उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न.

अशा वादात साक्षीदार तीनच असतात: कागद, कान आणि आठवण. तिघांचे एकमत झाले की खटला निकालात निघतो. त्याचा नमुना म्हणून बीटल्सचे ‘लव्ह मी डू’ घ्यावे. १९६२ साली लंडनमध्ये हे एकच गाणे तीन वेळा मुद्रित झाले. जूनमध्ये ड्रमवर पीट बेस्ट होता. ४ सप्टेंबरला त्याच्या जागी नवा आलेला रिंगो स्टार होता. ११ सप्टेंबरला अँडी व्हाइट नावाचा बाहेरचा वादक बोलावण्यात आला आणि रिंगोच्या हाती खंजिरी देण्यात आली. ऑक्टोबरात विक्रीला आलेल्या तबकडीवर रिंगोचा ड्रम होता. पुढच्या वर्षीच्या ‘प्लीज प्लीज मी’ या मोठ्या तबकडीवर व्हाइटचा. आता कोणता कोणाचा हे ओळखायचे कसे? खंजिरी ऐकू आली तर ड्रमवर व्हाइट, नसली तर रिंगो. इतका सरळ न्याय क्वचितच मिळतो. रिंगोचा झालेला अपमानच पुढे पुरावा म्हणून कामी आला!

पण सर्वच ठिकाणी खंजिरी मदतीला येत नाही. १९६४ साली किंक्स या मंडळींचे ‘यू रिअली गॉट मी’ गाजले. त्यातला गिटारचा मधला तुकडा एखाद्या दांडग्या पोराने दार लाथाडून आत यावे तसा येतो. हा तुकडा जिमी पेजने वाजवला, अशी वदंता वर्षानुवर्षे फिरत राहिली. पेज त्या काळी लंडनच्या स्टुडिओंतून भाड्याने गिटार वाजवीत असे आणि पुढे ‘लेड झेपेलिन’मुळे तो जगप्रसिद्ध झाला. वस्तुतः तो तुकडा डेव्ह डेव्हिस या सतरा वर्षांच्या मुलाचा. खुद्द पेजनेही तो आपला नसल्याचे सांगितले आहे. मला मौज वाटते ती निराळीच. त्या मुद्रणात बाहेरून बोलावलेला एक वादक खरोखरच होता. तो म्हणजे ड्रमवरचा बॉबी ग्रॅहम. आणि किंक्सच्या स्वतःच्या ड्रमवाल्याच्या हाती इथेही खंजिरीच आली होती. जो नव्हता त्याच्याबद्दल इतकी वर्षे चर्चा, आणि जो होता त्याची चौकशी नाही! पाणी उताराकडे धावते, श्रेय मात्र उंचीकडे धावते. ज्याचे नाव आधीच मोठे, त्याच्याच खात्यावर आणखी जमा होत जाते.

यापेक्षा दुःखाचा वाद डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीचा. १९५९ साली बेरी गॉर्डी यांनी वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवर एक घर घेऊन तिथे स्टुडिओ थाटला. त्या कोंदट जागेला तिथले वादक ‘सापाचा खड्डा’ म्हणत. सुप्रीम्स, फोर टॉप्स, स्टीव्ही वंडर, मार्व्हिन गे यांची गाणी या खड्ड्यातून जगभर गेली. त्यांतल्या कितीतरी गाण्यांखाली बास गिटारचा जो सूर चालतो, तो जेम्स जेमर्सनचा. बास म्हणजे गाण्याचे जोते. त्यावर सहसा कोणाची नजर जात नाही. जेमर्सनने मात्र जोत्यावरच नक्षी कोरली. तो उजव्या हाताच्या एकाच बोटाने तारा छेडी. त्याचा बास गायकाच्या मागून मुकाट चालत नाही. मध्येच अडखळल्यासारखे करतो, बगल देतो, आणि समेवर असा हजर होतो की गायकानेही वळून पाहावे. असा हा माणूस मोटाउनच्या वेष्टनांवर वर्षानुवर्षे नव्हता. १९७१ साली मार्व्हिन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या तबकडीवर वादकांची नावे छापली गेली, तेव्हा कुठे तो कागदावर आला. पुढच्याच वर्षी कंपनीने बिऱ्हाड लॉस एंजेलिसला हलवले. १९८३ साली, सत्तेचाळिसाव्या वर्षी, जेमर्सन वारला.

त्याच लॉस एंजेलिसमध्ये कॅरोल के या बाई स्टुडिओतल्या नामांकित वादक होत्या. पुरुषांनी भरलेल्या त्या खोल्यांत आधी गिटार आणि १९६३ नंतर बास घेऊन बसलेल्या या बाईंचे काम अफाट आहे. सनी आणि शेर यांच्या ‘द बीट गोज ऑन’ची बासची चाल त्यांची. बीच बॉइजच्या मुद्रणांत त्या होत्या. डेट्रॉइटच्या गाण्यांपैकी ‘बर्नाडेट’, ‘आय वॉज मेड टू लव्ह हर’ यांसारख्या काही प्रसिद्ध गाण्यांतला बासही आपलाच, असे त्या पुढे सांगू लागल्या. हीच गाणी जेमर्सनच्या कीर्तीचे खांब मानली जातात. अ‍ॅलन स्लट्स्की यांनी १९८९ साली जेमर्सनवर पुस्तक लिहिले होते. त्यांनी व मोटाउनच्या जुन्या लोकांनी हा दावा साफ नाकारला.

मोटाउन कॅलिफोर्नियातही मुद्रणे करीत असे आणि बाईंनी तिथे त्या कंपनीसाठी वाजवले, यात शंका नाही. प्रश्न त्या विशिष्ट गाण्यांचा आहे. तिथे डेट्रॉइटच्या निर्मात्यांची व सहवादकांची साक्ष एका बाजूला आहे. कानाची साक्षही त्याच बाजूला आहे. बाई गिटारच्या पट्टीने तार छेडीत. तिचा ठोका कडक, नेटका, कोपरे धरून चालणारा. ‘बर्नाडेट’मधला स्वर बोटाचा आहे, मांसल आहे. मला जेमर्सनचे पारडे स्पष्टपणे जड वाटते. परंतु म्हणून बाईंना खोटे ठरवून मोकळे व्हावे, हे मला पटत नाही.

याचे कारण त्या धंद्याच्या रीतीतच आहे. ‘गुड व्हायब्रेशन्स’ हे बीच बॉइजचे १९६६ चे गाणे पाहा. ते कित्येक महिने, वेगवेगळ्या स्टुडिओंत, तुकड्यातुकड्यांनी मुद्रित झाले आणि मग त्यांतले निवडक तुकडे कापून जोडले गेले. बासवर आज एक वादक, उद्या दुसरा. मजुरीच्या कागदांवर नावे आहेत. पण कागदावर असणे म्हणजे अंतिम गाण्यात असणे नव्हे. अशा गाण्यासाठी ज्याने मनापासून वाजवले, त्याने म्हातारपणी ‘ते माझे’ म्हटले तर तो लबाड ठरत नाही. एका दिवसात तीन-तीन ठिकाणी वाजवणाऱ्यांना गाण्याचे नावही पुष्कळदा माहीत नसे. तीस वर्षांनी आठवणीवर साक्ष काढायची आणि ती डळमळली की साक्षीदाराला हसायचे, हा कसला न्याय? खरा आरोपी तो आहे, ज्याच्या हाती त्या दिवशी लेखणी होती आणि ज्याने दोन ओळी लिहिण्याचा आळस केला.

या आळसाने दोघांचे नुकसान केले. जेमर्सनला हयातीत कीर्ती मिळाली नाही; आणि कॅरोलबाईंचे निर्विवाद काम वादाच्या धुरळ्यात झाकले गेले. २०२५ साली अमेरिकेतील ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ने बाईंना सन्मान जाहीर केला, तेव्हा स्टुडिओतल्या वादकांनी केलेल्या कामाचे प्रतिबिंब त्यात पडत नाही, असे सांगून त्यांनी तो नाकारला. तो नकार मला मानी वाटतो.

हे सारे परदेशचे म्हणून आपण निर्धास्त राहू नये. आपल्याकडे अशी भांडणे फारशी झाली नाहीत, याचे कारण आपण फार न्यायी होतो हे नव्हे. भांडण लागायला निदान कोणीतरी नाव विचारावे लागते! १९५४ च्या ‘नागिन’मधली पुंगी ऐकून घरोघरची पोरे डोलली. ती पुंगी नव्हतीच. हेमंतकुमारांच्या हाताखाली कल्याणजींनी क्लॅव्हियोलिनवर आणि रवींनी हार्मोनियमवर ती उभी केली होती. हे आपल्याला ठाऊक आहे, कारण दोघेही पुढे स्वतः संगीतकार म्हणून नावारूपाला आले. जे आले नाहीत त्यांचे काय? मुंबईच्या स्टुडिओंतली व्हायोलिने, ट्रम्पेटे मोठ्या संख्येने गोव्याच्या ख्रिस्ती वादकांच्या हाती होती. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतले थोर. प्यारेलाल त्यांचे शिष्य. गुरूची आठवण म्हणून १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’त त्यांचे नाव गाण्यात आले. नाव घरोघर पोचले, पण माणूस पोचला नाही. आजही ते नाव घेतले की आपल्याला अंड्यातून बाहेर येणारा अमिताभ आठवतो! मराठीतही प्रभाकर जोगांनी ‘गाणारे व्हायोलिन’ स्वतःच्या नावाने पुढे आणले, तेव्हा कुठे पुष्कळांनी साथीच्या व्हायोलिनकडे कान वळवला.

आता त्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर. स्वयंपाक्याचे नाव कळून चव वाढते का? माझ्या मते वाढते. आणि दया म्हणून नव्हे. नाव कळले की कान तिकडे जातो, आणि कान गेला की जे इतके दिवस नुसते ‘मागे काहीतरी वाजत होते’ त्यात एक माणूस ऐकू येऊ लागतो: त्याचा हात, त्याची खोड, त्याची मस्करी. गाणे तेच असते, त्यातली वस्ती वाढते. म्हणून सणाच्या या चार दिवसांत घरात जुनी गाणी लागतील, तेव्हा एखादे गाणे दुसऱ्यांदा लावावे आणि गायकाला क्षणभर बाजूला ठेवून त्याच्या खालचा, मागचा आवाज ऐकावा. तो कोणाचा, असे घरातल्या लहानांनी विचारले आणि आपल्याला सांगता आले नाही, तर त्या प्रश्नाचा राग मानू नये. हा प्रश्न वेळेवर कोणी विचारला असता, तर डेट्रॉइटच्या एका वादकाचे नाव छापून यायला १९७१ साल उजाडले नसते.