मग पन्हाळ्याचे काय झाले?

ऐतिहासिक चित्रपट मोठ्या पडद्यावरच पाहावा, असे आपण एकमेकांना नेहमी सांगतो. ते खोटे नाही. तरीही आपल्यापैकी बहुतेक कुटुंबे असा चित्रपट पाहतात ती घरीच. रविवारची मिस्सा आणि जेवणे आटोपल्यावर, कुणी खुर्चीत, कुणी चटईवर बसून. मग अशा चित्रपटाचे मूल्यमापन घरात बसूनही एकदा करावयास नको काय? चित्रपटगृहातील काळोख, कानठळ्या बसविणारा ध्वनी आणि शेकडो प्रेक्षकांच्या घोषणा यांचा आधार काढून घेतल्यावर चित्रपटात काय उरते, हे तेथेच कळते.

'पावनखिंड' हा दिग्पाल लांजेकर यांचा चित्रपट 18 फेब्रुवारी 2022 रोजी प्रदर्शित झाला आणि पुढच्याच महिन्यात ॲमेझॉन प्राइम व्हिडिओवरून घरोघरी पोहोचला. शिवचरित्रावर आठ चित्रपटांची माला गुंफण्याचा त्यांचा संकल्प आहे. 'फर्जंद' (2018) आणि 'फत्तेशिकस्त' (2019) यांच्यानंतरचे हे तिसरे पुष्प. मराठी चित्रपटाच्या ऐपतीने पाहता हा व्याप मोठाच म्हणावा लागेल. मात्र 2017 साली 'बाहुबली'चा दुसरा भाग पाहून दिपलेल्या डोळ्यांना ही ऐपत तोकडी वाटते, हेही मान्य केले पाहिजे.

आम्ही तो पाहिला उल्हासनगरला, माझ्या बहिणीच्या घरी, पावसाळ्यातील एका संध्याकाळी. मी अंबरनाथहून गेलो होतो. बदलापूरची भाचेमंडळी आधीच येऊन बसली होती. महाराजांच्या स्वारीत घोडे बदलले जात म्हणून आमच्या गावाचे नाव बदलापूर पडले, ही सर्वांना ठाऊक असलेली आख्यायिका धाकट्याने पुन्हा एकदा ऐकविली. शेजारचे सिंधी आजोबाही आले. वयाच्या सहाव्या-सातव्या वर्षी शिकारपूरहून आईवडिलांबरोबर निघून ते येथील निर्वासितांच्या छावणीत आले होते. छावणीचे 1949 साली उल्हासनगर झाले. त्यांचे सारे आयुष्य येथेच गेले असल्याने मराठी त्यांना उत्तम समजते.

कथा चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकापासून आपल्या परिचयाची आहे. 1660 सालच्या मार्च महिन्यात सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला. भर पावसाळ्यातही तो ढिला होईना. अखेर जुलैच्या एका रात्री महाराज निवडक मावळ्यांसह गड उतरले आणि विशाळगडाच्या वाटेला लागले. शिवा काशीद महाराजांच्या वेषात दुसऱ्या पालखीत बसून शत्रूच्या हाती गेला. घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे आणि बांदलांचे सैन्य पाय रोवून उभे राहिले. महाराज विशाळगडी पोहोचल्याची तोफ होईपर्यंत त्यांनी खिंड सोडली नाही, असे परंपरा सांगते.

घरच्या पडद्यावर या चित्रपटाचे दोष प्रथम दिसतात. पावसाळी रात्रीची दृश्ये दिवा मालविल्यावाचून नीट उमगत नाहीत. संगणकाने रचलेले दृश्य कोणते आणि खरा डोंगर कोणता, हे लहान मुलेही ओळखतात. संथ गतीने फिरणारी तलवार पहिल्यांदा रोमांच उभे करते. पाचव्यांदा ती वेळ खाते. प्रत्येक पात्राच्या तोंडी टाळ्यांसाठी लिहिलेले वाक्य असते. चित्रपटगृहात त्या टाळ्या पडतात आणि वाक्य खपून जाते. घरात टाळी पडत नाही. संवादानंतरची ती मोकळी जागा तशीच राहते आणि जाणवते.

मात्र काही गोष्टी घरातच उजळून निघतात. अजय पूरकर यांचा बाजीप्रभू लढताना जेवढा भावतो, त्याहून अधिक तो लढाईपूर्वीच्या शांत क्षणी भावतो. चिन्मय मांडलेकर यांच्या महाराजांच्या चेहऱ्यावरील काळजी जवळून पाहता येते. शिवा काशीदच्या प्रसंगाला तर आमच्या घरातील कुजबुज आपोआप थांबली. तो सरदार नव्हे, देशमुख नव्हे. परंपरेनुसार तो नाभिक. दुसऱ्याचे रूप घेऊन दुसऱ्याऐवजी मरावयास तो जाणूनबुजून निघाला. खिंडीत निदान हातात तलवार होती, शेजारी भाऊबंद होते. पालखीत तो एकटा होता. या प्रसंगाला संगणकाची गरज नाही, मोठ्या पडद्याचीही नाही. चित्रपटाचे खरे बळ येथे आहे, आणि दिग्दर्शकाने त्यावर थोडा अधिक विश्वास ठेवावयास हवा होता.

चित्रपट संपला. मुले घोषणा देत उठली. आजोबा मात्र बसूनच होते. त्यांनी साधा प्रश्न विचारला, "राजे वाचले, छान झाले. मग पन्हाळ्याचे काय झाले?"

या प्रश्नाने मला निरुत्तर केले, कारण चित्रपटाचा सारा ओघ त्या तोफांच्या आवाजाकडे धावतो आणि प्रेक्षकाला विजयाच्या कैफात घरी पाठवितो. इतिहास तेथे थांबत नाही. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात तह करून महाराजांना पन्हाळा सिद्दी जौहरच्या हवाली करावा लागला. ज्या गडाच्या वेढ्यातून निसटण्यासाठी शिवा काशीद आणि बाजीप्रभू गेले, तो गड गेलाच. त्यांचे मरण यामुळे लहान होत नाही. उलट त्यांनी गड नव्हे, माणूस वाचविला, हे यामुळेच स्पष्ट होते. परंतु ही किंमत ऐकल्यावाचून आपण नुसता जयजयकार करीत असू, तर त्या मरणाचा अर्धाच अर्थ आपल्या हाती लागतो.

गंमत अशी की आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर याच मालिकेत आहे, आणि तेही तिच्या पहिल्या चित्रपटात! 1673 सालच्या मार्चमध्ये कोंडाजी फर्जंदाने अवघ्या साठ मावळ्यांनिशी पन्हाळा पुन्हा जिंकला; 'फर्जंद'ची कथा तीच. या मालिकेतील चित्रपट ज्या क्रमाने निघाले, तो इतिहासाचा क्रम नव्हे. 'पावनखिंड'नंतर दोन महिन्यांनी आलेला 'शेर शिवराज' 1659 सालच्या अफजलखान-भेटीचा आहे. म्हणजे 'पुढचा भाग' म्हणून येतो तो अनेकदा मागचा असतो. चित्रपटगृहात यावर उपाय नाही. घरी मात्र आहे. 'शेर शिवराज' (1659), 'पावनखिंड' (1660), शायिस्ताखानावरील छाप्याचा 'फत्तेशिकस्त' (1663), तानाजी मालुसऱ्यांचा 'सुभेदार' (1670) आणि शेवटी 'फर्जंद' (1673), असा क्रम लावून पाहावे. मग पाच सुट्या विजयगाथांच्या जागी चौदा वर्षांची एक खडतर वाटचाल उभी राहते. तीत गमावणे आहे, वाट पाहणे आहे आणि परत मिळविणेही आहे.

असे पाहताना मालिकेचा एक मोठा दोषही उघडा पडतो. 'पावनखिंडी'त बाजीप्रभू होऊन पडलेले पूरकर 'सुभेदार'मध्ये तानाजी होऊन उभे राहतात. रायाजी बांदल झालेले अंकित मोहन हेच कोंडाजी फर्जंद. "मामा, बाजीप्रभू परत कसे आले?" या भाच्याच्या प्रश्नावर मोठी माणसे हसली, पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. मेलेला चेहरा नव्या नावाने परत येऊ लागला, की मुलाच्या मनात मरणाचे गांभीर्य राहत नाही. स्वतंत्र चित्रपटांना हे चालेल. एकाच मालेतील पुष्पांना चालू नये. जो गेला त्याची जागा रिकामी दिसली पाहिजे. पुढच्या भागाची ती पहिली जबाबदारी, आणि कितीही खर्च केला तरी तिला पर्याय नाही.

तेव्हा 'पावनखिंड' पाहावा काय? अवश्य पाहावा, मुलांसह पाहावा. दिवा मालवावा आणि शिवा काशीदच्या प्रसंगी सर्वांनी गप्प बसावे. संपल्यावर लगेच उठू नये; पन्हाळ्याचे काय झाले, हे मुलांना सांगावे आणि दुसऱ्या रविवारी 'फर्जंद' लावावा.

आम्ही तसेच केले. त्या रविवारी आजोबा वेळेआधीच आले. गडावर पुन्हा भगवे निशाण लागल्यावर त्यांनी बोटांवर काहीतरी मोजले. "तेरा वर्षे," ते म्हणाले. "तेरा वर्षांत परत मिळाला. भाग्यवान गड." मग चहाचा पेला खाली ठेवून ते आपल्या घरी गेले. बराच वेळ कोणी टीव्ही बंद करावयास उठले नाही.