‘द गॉड ऑफ स्मॉल थिंग्ज’ : तीन अंत्यविधींची कादंबरी

अरुंधती रॉय यांची ‘द गॉड ऑफ स्मॉल थिंग्ज’ ही इंग्रजी कादंबरी १९९७ साली प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी तिला बुकर पारितोषिक मिळाले. जगातील अनेक भाषांत ती गेली, मराठीतही आली. आपल्या ख्रिस्ती घरांतून मात्र तिचे वाचन कमी आणि तिच्याविषयीची कुजबुज अधिक झाली, असे आम्हांस वाटते. शेवटच्या प्रकरणातील शृंगारामुळे केरळात तिच्यावर अश्लीलतेचा खटला गुदरण्यात आला. ख्रिस्ती समाजाची नालस्ती करणारे पुस्तक, असाही शिक्का कुणी कुणी मारला. या आक्षेपांत तथ्य किती आणि कादंबरीचे खरे गुणदोष कोणते, हे येथे पाहावयाचे आहे.

कथेचे स्थळ कोट्टयमजवळील आयमनम हे गाव. काळ मुख्यतः डिसेंबर १९६९. लोणच्यांचा कारखाना चालविणारे एक प्रतिष्ठित सुरियानी ख्रिस्ती घराणे. या घरची लेक अम्मू घटस्फोट घेऊन राहेल आणि एस्ता या जुळ्या मुलांसह माहेरी राहते. तिचा भाऊ चाको याची इंग्लंडहून आलेली मुलगी सोफी मोल नदीत बुडून मरते. त्याच सुमारास अम्मू आणि परवन या अस्पृश्य जातीचा सुतार वेलुत्ता यांचे प्रेम उघडकीस येते. घराण्याची अब्रू राखण्यासाठी अम्मूची आत्या बेबी कोचम्मा पोलिसांत खोटी फिर्याद देते. पोलीस वेलुत्ताला मरणप्राय मारतात आणि सात वर्षांच्या एस्ताकडून त्याच्याविरुद्ध ‘हो’ वदवून घेतात.

लेखिका हे सारे सरळ क्रमाने सांगत नाही. सोफी मोलचा अंत्यविधी पहिल्याच प्रकरणात येतो आणि प्रेमिकांची पहिली भेट अगदी शेवटी. काय घडणार हे ठाऊक असूनही वाचक गुंतून राहतो, कारण ते कसे आणि कुणामुळे घडले याचा उलगडा थेंबाथेंबाने होत जातो. त्यात मुलांची दृष्टी लेखिकेने विलक्षण सांभाळली आहे. मोठ्यांचे शब्द तोडणारी, उलटे वाचणारी ही जुळी भावंडे भाषेशी खेळत असतात, आणि त्या खेळातूनच मोठ्यांचा खोटेपणा उघडा पडतो. ही या कादंबरीची पहिली जमेची बाजू.

दुसरी बाजू आशयाची, आणि ती आम्हांस अधिक मोलाची वाटते. कादंबरीत तीन मृत्यू आहेत. त्या तिघांच्या वाट्याला आलेली माती पाहावी. सोफी मोलला चर्चमध्ये रीतसर प्रार्थनांसह निरोप मिळतो. अम्मू वयाच्या एकतिसाव्या वर्षी परगावच्या एका लॉजमध्ये एकाकी मरते. तिला चर्च मातीही देत नाही आणि चाको तिला विद्युतदाहिनीत नेतो. वेलुत्ताचे शव बेवारशांच्या खड्ड्यात जाते. तिघांचे मोल समाजाने आधीच ठरवून ठेवले होते, हे सांगण्यासाठी लेखिकेला प्रवचनाची गरज पडत नाही.

वेलुत्ताच्या आजोबाने अस्पृश्यतेतून सुटका व्हावी म्हणून ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. त्याच्यासारख्यांना मिळाले वेगळे चर्च आणि वेगळा धर्मगुरू. स्वातंत्र्यानंतर ख्रिस्ती म्हणून आरक्षणही नाकारले गेले. हा केवळ कल्पनेचा भाग नाही. अनुसूचित जातींविषयीचा १९५० चा आदेश हिंदूंपुरता होता; त्यात १९५६ साली शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा समावेश झाला, दलित ख्रिस्ती बाहेरच राहिले. या प्रश्नासाठी २०२२ साली न्या. के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमावा लागला. कारखान्याची मालकीण ममाची ही अम्मूची आई. ती वेलुत्ताला स्पृश्य सुतारापेक्षा कमी आणि परवनापेक्षा जास्त मजुरी देते, व हे आपले औदार्य समजते. एवढ्या लहानशा तपशिलात लेखिकेने सज्जन म्हणविणाऱ्यांचे अंतरंग पकडले आहे.

अम्मूची असहायताही अशीच वास्तवाला धरून आहे. त्रावणकोरच्या १९१६ च्या ख्रिस्ती वारसा कायद्यानुसार, वडिलांनी मृत्युपत्र केले नसल्यास मुलीला मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यांत जे कमी असेल ते मिळे. लेखिकेच्या आई मेरी रॉय यांनी त्याविरुद्ध दिलेला लढा १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात यशस्वी झाला.

आता उणिवांकडे वळू. प्रतिमांचा आणि पुनरुक्तीचा सोस लेखिकेला आवरत नाही. एखादी उपमा प्रथम चमकते, पाचव्यांदा आली की थकविते. प्रौढ जुळ्या भावंडांच्या देहसंबंधाचा प्रसंग धक्का देतो. परंतु त्यांचे दुःख त्याआधीच आपल्यापर्यंत पोहोचलेले असल्याने तो आम्हांस अनावश्यक वाटला.

याहून गंभीर दोष पात्रचित्रणाचा. बेबी कोचम्मा तरुणपणी एका आयरिश जेज्वीट धर्मगुरूच्या मोहाने कॅथलिक होते, मठात जाते आणि निराश होऊन परतते. या स्त्रीच्या करपलेल्या आयुष्यात मोठी शोकांतिका दडलेली होती. लेखिकेने तिची बहुतांशी चेष्टाच केली. ज्याच्यापाशी श्रद्धेने काही चांगले रुजविले आहे, असे ठसठशीत पात्र या कादंबरीत आम्हांस आढळले नाही. समाजाच्या बदनामीची तक्रार आम्ही करीत नाही. आमची तक्रार कलेची आहे. खलपात्र हास्यास्पद झाले की वाचकाला त्याच्यात स्वतःला पाहावे लागत नाही. त्याची सुटका होते.

आणि ज्याच्यासाठी कादंबरी अश्रू ढाळते तो वेलुत्ता? तो देखणा, कुशल, निष्पाप आहे. पण त्याच्या मनातला राग, भीती, हिशेब फारसे कळत नाहीत. वरच्या घरातून दिसणारा तो दलित आहे. तमिळ लेखिका बामा यांचे ‘करुक्कु’ हे १९९२ चे आत्मकथन यासोबत वाचावे. दलित कॅथलिक स्त्रीने, काही वर्षे मठात काढून बाहेर पडल्यावर, स्वतःच्या आवाजात ते लिहिले आहे. तो आवाज रॉय यांच्या वेलुत्ताला लाभलेला नाही.

शेवटच्या प्रकरणाविषयी आमचे मत स्पष्ट आहे. ते मुलांच्या हाती देण्याजोगे नाही, पण अश्लीलही नाही. ज्यांना भविष्यच नाही अशी दोन माणसे तेथे फक्त ‘उद्या’चे वचन देतात, आणि त्या शब्दावर कादंबरी संपते.

गुणदोषांचा ताळेबंद मांडता गुणांचे पारडे जड भरते. वसईत सामवेदी, वाडवळ, कोळी असे आपले समाज एकाच वेदीभोवती जमतात. परंतु सोयरीक जुळविताना स्नानसंस्काराचा दाखला पुरेसा ठरतो काय? ज्या प्रभूला लोक सुताराचा पुत्र म्हणून ओळखत, त्याच्या अनुयायांनी एका सुताराला बेवारशांच्या खड्ड्यात जाऊ दिले, ही गोष्ट आयमनमची आहे म्हणून आपण निश्चिंत राहू नये. प्रौढ वाचकांनी ही कादंबरी अवश्य वाचावी, आणि वाचून झाल्यावर घरात तिच्याविषयी मोकळेपणाने बोलावे.