‘राजी’ : पाहण्याचा खेळ कीं खेळण्याचा?

पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या संस्थेनें २०२० सालीं प्रसिद्ध केलेला ‘राजी’ हा व्हिडिओ गेम नेत्रांस तृप्त करतो, हें निर्विवाद. राजस्थानी वळणाचे महाल, भिंतींवरील पुराणचित्रें, छायाबाहुल्यांनीं सांगितलेली कथा, सारेंच मनोहर! नाटकांतील पडद्याला टाळी मिळावी, तशी त्याची स्तुति झाली. परंतु भित्तिचित्रांपुढें दुर्गा व विष्णु बोलूं लागले कीं खेळणाऱ्याचे हात जवळजवळ रिकामे राहतात; तो प्रेक्षक होतो. याउलट, राक्षसानें पळविलेल्या भावाच्या शोधांत निघालेली कसरतपटु राजी भिंतीवरून धांवते, खांबाभोंवतीं गिरकी घेते, तेव्हां तिचें कसब आपल्या बोटांत उतरतें. आमच्या मतें खेळाची गोडी तेथेंच आहे. झुंजी मात्र लौकरच एकसुरी वाटतात. २०२२ च्या सुधारित आवृत्तींत कर्त्यांनीं या झुंजींवर पुन्हां हात फिरविला, हें आम्हांस चित्रांच्या साऱ्या स्तुतीहून अधिक बोलकें वाटतें.